नाण्याची प्रत कोण ठरवतं? राणीछाप रुपया, सराफ आणि संग्राहक

प्रतवारी म्हणजे काय, हे डहाणूकरांना बाहेरून येऊन कुणी शिकवायला नको. चिकूच्या वाडीत ती रोज चालते. फळ उतरवलं, धुतलं, की मोठं, मध्यम, बारीक असे ढीग पडतात आणि डागी फळ बाजूला जातं. लांबच्या बाजाराला पाठवायचं असेल तर घट्ट फळाला मान. संध्याकाळी घरीच खायचं असेल तर तेच घट्ट फळ काय कामाचं? झाड एक, फळ एक, पण ते कुठे जाणार यावर त्याची प्रत ठरते. नाण्यांचंही असंच आहे. फरक एवढाच की वाडीवाल्याला हे ठाऊक असतं आणि जुनं नाणं विकायला निघालेल्या माणसाला बहुतेक वेळा ठाऊक नसतं. त्यामुळे समोरचा जी प्रत सांगेल ती तो मान्य करून घरी येतो.

आज आपण शेकडो नाण्यांची यादी करत बसणार नाही. एकच नाणं हातात धरू : चांदीचा राणीछाप रुपया. डहाणू आणि तलासरी तालुक्यांत जुन्या नाण्यांचा विषय काढला की तो दोन रूपांत पुढे येतो. एक म्हणजे पेटीच्या तळाशी फडक्यात बांधून ठेवलेला, कुणा आजोबांनी साठवलेला. दुसरा म्हणजे पाड्यावरच्या एखाद्या आजीच्या माळेतला. वरच्या बाजूला डाख देऊन कडी बसवलेली आणि ती दोऱ्यात ओवलेली. नाणी जमवणारे आणि त्यांचा अभ्यास करणारे आम्ही लोक जिथे जातो तिथे प्रश्न एकच येतो, ‘याचे किती येतील?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. का नाही, ते आज बघायचं आहे.

आधी नाण्याचं वजन समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ मध्ये आपल्या सगळ्या मुलखासाठी एकाच तोलाचा रुपया सुरू केला. वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, आजच्या मापात ११.६६ ग्रॅम. बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम. राणी व्हिक्टोरियाचा पहिला रुपया १८४० चा. १८६२ पासून तो सरकारच्या नावाने आला आणि १८७७ पासून त्यावर राणीच्या जागी सम्राज्ञी असा किताब आला. पुढे १९०३ पासून सातवा एडवर्ड, १९११ पासून पाचवा जॉर्ज. राजे बदलले, पण तोल बदलला नाही, कसही बदलला नाही. बदलला तो १९४० मध्ये. महायुद्धात चांदीची चणचण झाली आणि रुपया निम्म्या चांदीचा केला गेला. १९४७ मध्ये तर निकेलचाच आला, वाघाचं चित्र असलेला. माळेतल्या रुपयावरचं साल वाचण्याला महत्त्व आहे ते यामुळे.

जाता जाता एक गंमत. १८६२ साल छापलेले रुपये १८६२ मध्येच पाडलेले असतील असं नाही. तेच साल ठेवून टांकसाळी १८७४ पर्यंत रुपये पाडत राहिल्या. मुंबईच्या टांकसाळीने सालाखाली बारीक ठिपके देऊन खूण ठेवली, म्हणून संग्राहक भिंग घेऊन ठिपके मोजत बसतात. घरच्यांना वाटतं, यांना काही काम नाही.

आता या रुपयाची पारख करणारे कोण कोण होते? सरकारपासून सुरुवात करू, कारण सरकारची प्रतवारी सगळ्यात सोपी. तिथे दोनच प्रती, चालतं आणि चालत नाही. १९०६ च्या नाणे कायद्यात म्हटलं होतं की झिजून वजन दोन टक्क्यांहून जास्त घटलेलं नसेल आणि नाणं विद्रूप केलेलं नसेल, तरच रुपया कायदेशीर चलन. दोन टक्के म्हणजे पाव ग्रॅमसुद्धा नाही. राणीचा चेहरा किती सुंदर उठलाय याच्याशी सरकारला देणंघेणं नव्हतं. या नियमाने कडी लावलेला रुपया विद्रूप ठरतो. म्हणजे माळेत ओवला त्या दिवशीच तो चलनातून बाहेर गेला आणि दागिना झाला.

त्याही आधी, मराठेशाहीत, कुठला एकच रुपया चालत नव्हता. चांदवडी, अंकुशी, हाली सिक्का, असे कितीतरी. हा रुपया त्या रुपयात मोडायचा तर बट्टा द्यावा लागे. नाणं खरं की खोटं, कस किती, हे सांगणारा माणूस म्हणजे पोतदार. आज ते फक्त आडनाव उरलंय, पण तेव्हा ते पारखीचं काम होतं. पोतदाराची पारख आणि आजच्या सराफाची पारख एकाच कुळातली. दोघांचा प्रश्न एकच : यात धातू किती?

सराफ काय करतो? वजन करतो, गरज पडली तर कानस मारून आतला धातू बघतो, आता बऱ्याच पेढ्यांवर कस दाखवणारं यंत्रही असतं. मग डाखाची घट धरतो, कारण डाखाची चांदी हलक्या कसाची असते. आणि त्या दिवसाच्या भावाने मोडीचे पैसे सांगतो. यात अप्रामाणिक असं काही नाही. त्याच्या तराजूला साल वाचता येत नाही, एवढंच. १८४० चा रुपया आणि १९१९ चा रुपया त्याच्यासाठी जुळे भाऊ. सराफाची पारख प्रामाणिक असूनही अपुरी असते, आणि विकणाऱ्याने ही अपुरी बाजू आपण भरून काढायची असते.

संग्राहकाचं याच्या अगदी उलट. त्याला चांदीशी फारसं कर्तव्य नाही. टांकसाळीतून निघालं त्या क्षणी हे नाणं जसं होतं, त्यातलं आज किती उरलंय, हा त्याचा प्रश्न. त्यासाठी तो झिजेचे बिंदू बघतो. नाण्याचा जो भाग सगळ्यात उंच, तो आधी घासला जातो. राणीच्या रुपयावर मुकुटातली रत्नं, केसांच्या रेषा, अंगावरच्या वस्त्राची नक्षी. एडवर्डच्या डोक्यावर मुकुट नाही, म्हणून त्याचा कान आणि कानावरचे केस. पाचव्या जॉर्जच्या झग्यावर छातीशी एक बारीकसा हत्ती आहे. १९११ च्या रुपयावर त्याची सोंड इतकी आखूड दिसत होती की लोकांना ते डुक्कर वाटलं. बोभाटा झाला, सरकारने हात आवरता घेतला आणि १९१२ मध्ये सोंड नीट करून नवा साचा आणला. आज जॉर्जच्या रुपयाची प्रत बघताना आधी त्या हत्तीकडेच बघतात.

या झिजेला नावं देण्याची पद्धत जुनी आणि थोडी फसवी आहे. इंग्रजी पद्धतीत पायऱ्या अशा : फेअर, गुड, फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन, अनसर्क्युलेटेड. ‘गुड’ म्हटल्यावर माणूस खूश होतो, पण या भाषेत गुड म्हणजे पार झिजलेलं, फक्त बाह्यरेषा उरलेलं नाणं. जर्मन लोकांचा ‘शोन’, म्हणजे सुंदर, हाही असाच, खालून दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरचा. नाणेवाल्यांच्या स्तुतीवर कधी भाळू नये.

मग शब्दांच्या जागी आकडे आले. १९४९ मध्ये विल्यम शेल्डन या अमेरिकन माणसाने, हा पेशाने मानसशास्त्रज्ञ, जुन्या तांब्याच्या अमेरिकन सेंटवर पुस्तक लिहिलं आणि १ ते ७० अशी पट्टी दिली. सत्तरच का, शंभर का नाही? कारण ती पट्टी मुळात किमतीची होती. जेमतेम ओळखू येणारं नाणं एका डॉलरला, तर निर्दोष नाणं सत्तर डॉलरला, असा त्याचा हिशेब. किमतीचं ते गणित थोड्याच वर्षांत मोडलं, पट्टी मात्र जगभर राहिली. आता १२ म्हणजे फाइन, २० म्हणजे व्हेरी फाइन, ४० म्हणजे एक्स्ट्रीमली फाइन, आणि ६० पासून ७० पर्यंत न वापरलेलं, ज्याला मिंट स्टेट म्हणतात. १९८६-८७ मध्ये अमेरिकेत दोन मोठ्या कंपन्या निघाल्या. त्या नाणं तपासतात, आकडा देतात आणि पारदर्शक डबीत कायमचं बंद करतात. खरेदीदार मग नाण्याऐवजी डबीवरचा आकडा विकत घेतो.

इथे संग्राहकांतच दोन तट आहेत. एक म्हणतो, प्रत म्हणजे फक्त झीज मोजा, बाकी काही बघू नका. दुसरा म्हणतो, बाजारात लोक डोळ्यांनी विकत घेतात, तेव्हा चमक, छापाचा उठाव, रंग, सगळं धरून आकडा द्या. ५८ आकड्याचं नाणं, म्हणजे किंचितशी झीज पण देखणं, हे ६० च्या ओरखडे पडलेल्या नाण्यापेक्षा कितीतरी सुंदर असतं, असा अनुभव नेहमी येतो. शिवाय तेच नाणं डबीतून काढून परत पाठवलं तर आकडा वेगळा येऊ शकतो. आमचं मत असं, की आकड्याने सोय झाली, पण नाणं बघायची सवय मोडली. आणि यंत्रावर पाडलेल्या रुपयाला ही पट्टी लागू पडते, तशी हाताने पाडलेल्या शिवराईला पडत नाही. शिवराईचा तांब्याचा तुकडा साच्यापेक्षा लहान. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरं आधीच अर्धी बाहेर गेलेली. तिथे झीज मोजायच्या आधी अक्षरं किती उतरली ते बघावं लागतं.

आता माळेकडे येऊ. कडी लावलेला रुपया संग्राहकाच्या पट्टीवर ठेवला तर काय होतं? आकडाच मिळत नाही. शेरा मिळतो : ‘दागिन्यातलं’ किंवा ‘कडी काढलेलं’. म्हणजे राणीच्या मुकुटातलं रत्न अन् रत्न शाबूत असलं, तरी ते नाणं बिघडलेलं. मग कुणीतरी सल्ला देतो, कडी काढून टाका, कडा घासून घ्या, चिंच लावून लखलखीत करा. मंडळी, हे करू नका. कडी काढल्यावर काठावर डाखाचा डाग राहतो, कानशीने कंगोरे सपाट होतात आणि जाणत्याला ते भिंगाशिवाय दिसतं. चिंचेने किंवा राखेने घासलं की वरचा जुना काळसर थर जातो, बारीक ओरखडे उठतात, आणि ‘घासलेलं’ असा आणखी एक शेरा लागतो. रुपया संग्राहकाच्या कामाचा होत नाही, सराफाकडे वजनात घटतो, आणि माळ होती तीही तुटते. अपवाद दुर्मिळ सालांचा. १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया इतका कमी सापडतो की कडीसकटही त्याला चांदीच्या वर किंमत येते. म्हणूनच त्याच्या बनावटीही निघतात.

पण कडी म्हणजे फक्त बिघाड, हे तरी खरं का? याचं उत्तर शोधायला थोडं घाटावर जावं लागेल. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथे १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, सुमारे १३,२५० नाणी, क्षत्रप राजा नहपानाची. त्यांतल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर नहपानाच्या चेहऱ्यावरच गौतमीपुत्र सातकर्णीचा छाप मारलेला. आजच्या पट्टीने बघाल तर ही सगळी नाणी खराब, दुसऱ्याने ठोकून चेहरा बिघडवलेला. पण तो ठोकलेला छाप हाच पुरावा आहे, की सातवाहनाने क्षत्रपाला हरवलं आणि त्याचा पैसा आपल्या नावाने चालवला. तिथे स्वच्छ नाणं कमी बोलतं, बिघडलेलं जास्त बोलतं. याच नहपानाचा जावई उषवदात याचा नाशिकच्या लेण्यात लेख आहे. कुठल्या नद्यांवर त्याने लोकांसाठी फुकट नावा ठेवल्या, त्यांची नावं त्यात आहेत, आणि त्यांत एक नाव ‘दाहनुका’ असं आहे. म्हणजे आपली डहाणूची खाडी. त्याच्याच दुसऱ्या लेखात ३५ कार्षापणांचा एक सुवर्ण, असा भावही कोरून ठेवलाय. आपल्या किनाऱ्यावर नाणी मोजली जात होती, बदलली जात होती, याला दोन हजार वर्षं होत आली.

अभ्यासकाची पारख अशी चालते. तो वजन लिहितो, व्यास लिहितो, दोन्ही बाजूंच्या छापांची दिशा लिहितो, खुणा लिहितो. आकडा देत नाही. झीज त्याच्यासाठी दोष नाही, घड्याळ आहे. एकाच साठ्यात जे नाणं जास्त झिजलेलं, ते बहुधा जास्त काळ हातोहात फिरलेलं.

आता हीच नजर माळेवर टाकू. खिशातला रुपया वरून झिजतो. माळेतले रुपये एकमेकांवर आपटतात, म्हणून त्यांच्या कडा आधी जातात. कंगोरे गुळगुळीत, पण राणीचं नाक शाबूत, असा रुपया दिसला तर तो बाजारात फार फिरला नाही, लवकरच गळ्यात गेला, असं समजायला हरकत नाही. आणि तो गळ्यात गेला म्हणून वाचला, हेही लक्षात घ्या. सरकारने चांदी परत घ्यायला काढली तेव्हा व्हिक्टोरियाचे रुपये ३१ मार्च १९४१ नंतर चलनातून बाद झाले, पाठोपाठ एडवर्ड आणि जॉर्जचेही गेले. लाखोंनी रुपये वितळले. जे आधीच दागिना झाले होते ते राहिले.

आणि ते कुणाच्या गळ्यात राहिले? २३ मे १९४५ ला तलासरीजवळच्या झरी गावात वारली मंडळी जमली आणि वेठ करणार नाही असं ठरलं. कॉम्रेड शामराव आणि गोदावरी परुळेकर तिथे होते, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. त्या लढ्यात दिवसाच्या मजुरीची मागणी होती बारा आणे. रुपयाचे सोळा आणे. म्हणजे पूर्ण दिवस राबून मागितलेली मजुरीसुद्धा एका रुपयाला पोचत नव्हती. मागणीच्या हिशेबानेही अकरा रुपयांची माळ म्हणजे जवळजवळ पंधरा दिवसांचे कष्ट, आणि प्रत्यक्षात हातात पडत होतं ते त्याहून कितीतरी कमी. लग्नासाठी कर्ज काढून माणूस लग्नगडी म्हणून सावकाराकडे राबत होता, त्या काळात एखाद्या घराने सोळा आण्यांचा एक रुपया मोडला नाही, त्याला कडी लावली. ही कडी कुठल्या पट्टीवर मोजणार? आमच्या मते अशा माळेची नोंद व्हायला हवी : कुठल्या पाड्यावरची, कुणाकडून कुणाकडे आली, किती रुपये, कुठल्या सालांचे, कडी कुणी बसवली. सुटे केलेले रुपये अकरा ठिकाणी गेले की हे काहीच उरत नाही. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथे अशा गोष्टींना किंमत आहे, जरी ती रुपयांत सांगता आली नाही तरी.

विकायचंच नाही असं आम्ही म्हणत नाही. दवाखाना असतो, फी असते, आणि माळ अडीअडचणीसाठीच तर होती. पण विकणाऱ्याने दोन-तीन गोष्टी माहीत करून घ्याव्यात. मोबाइलवर ‘जुनं नाणं लाखाला’ अशा जाहिराती येतात आणि रिझर्व्ह बँकेचं नाव सांगून आधी कमिशन, मग कर मागतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय की असा व्यवहार ती करत नाही आणि असं शुल्क घेत नाही. दुसरं, शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात बसतं, ते कुणालाही सहज परदेशी पाठवता येत नाही. तेव्हा ‘अमेरिकेत पाठवून आकडा आणतो, नाणं द्या’ म्हणणाऱ्याला दारातूनच निरोप द्या. आणि नांगरताना जमिनीत काही सापडलं तर ते १८७८ च्या निखात निधी कायद्यात येतं, त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. ते वाटून घ्यायचं नसतं.

एक चिठ्ठी आली आहे, तिचं उत्तर देतो आणि थांबतो. तलासरीहून विचारलंय, आमच्याकडे बारा रुपयांची माळ आहे, काहींवर १९४३-४४ साल आहे, चालेल का? चालेल, पण ते रुपये वेगळे मोजून घ्या. समजा आठ रुपये १९४० च्या आधीचे आणि चार नंतरचे आहेत. आधीच्या आठांत चांदी सुमारे ८५ ग्रॅम, नंतरच्या चारांत प्रत्येकी ५.८३ धरून सुमारे २३ ग्रॅम. एकूण १०८, झिजेचं थोडं वजा करा. कुणी सगळी माळ निम्म्या चांदीची धरली तर हिशेब ७० वर येईल, म्हणजे तुमची तीन तोळ्यांहून जास्त चांदी गेली. नंतरचे रुपये झिजले की पिवळट दिसतात, पण रंगावर जाऊ नका, साल वाचा. माळ न तोडता एकेक रुपया उलटून सालं कागदावर लिहा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि तो कागद घेऊनच पेढीची पायरी चढा.